मदत हवी आहे : आरोग्य ॲपमधील मजकूर लिहिताना मार्गदर्शन

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि बालकांच्या लसीकरणाची आठवण देणाऱ्या एका ॲपसाठी स्वयंसेवक म्हणून बटणांवरचा, सूचनांचा आणि चुकांच्या संदेशांचा मराठी मजकूर लिहीत यूएक्स रायटिंग शिकत आहे.

पेंटाव्हॅलंट लस (पाच आजारांपासून संरक्षण देणारी एकत्रित लस) बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना द्यायची असते. परंतु ऊसतोडीसाठी बीडकडून वाळवा, पलूस भागात येणाऱ्या कुटुंबांची एखादी मात्रा स्थलांतरात सहज राहून जाते. अशा वेळी ‘तारीख उलटली’ एवढाच लाल अक्षरांतला संदेश दिसला, तर आई घाबरेल किंवा आता उपयोग नाही असे समजून केंद्रात जाणारच नाही, असे मला वाटते. वास्तविक राहिलेली मात्रा पुढे देता येते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. हेच आधी सांगून लगेच जवळच्या लसीकरण सत्राचे बटण द्यावे का? माझा कल तसा आहे, मात्र वैद्यकीय तपासणीशिवाय काहीही प्रसिद्ध होणार नाही.

हा मजकूर आशाताईंच्या मदतीने, फारसे वाचता न येणाऱ्या मातांसोबत कसा तपासावा? आणि कोणाचीही आरोग्यविषयक माहिती उघड न करता हे काम पुढे नोकरीच्या अर्जात कसे मांडावे? अनुभवींनी कृपया सविस्तर सांगावे.