जुनी मॉरिस मायनर घेऊन दुरुस्त करावी का?

उत्सुक
मॉरिस मायनर १००० ही जुनी ब्रिटिश मोटार, इंजिन १०९८ सीसी, म्हणजे १९६२ नंतरची. कित्येक वर्षं शेडमध्ये उभी आहे. इंजिन जाम नाही, हाताने फिरतं. सीटा उसवल्यात, पण डॅशबोर्डच्या मधोमध असलेल्या त्या मोठ्या गोल स्पीडोमीटरवरून नजर हटत नाही. मालक घाई करतोय. घेऊ का?

पत्राकाम
नको. इंजिन फिरतं यावर भाळू नका, ते सगळ्यात सोपं काम. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालची सिल्स (पत्र्याच्या लांब पेट्या) गंजली की गाडीचा कणाच गेला. मी अशीच एक घेतली होती. वरून रंग झकास, पण लोहचुंबक फिरवला तर चाकांच्या वरच्या भागात कुठेच चिकटेना, नुसती पुट्टी भरलेली. जॅक लावून उचलली आणि दार लागेना! दोन वर्षं वेल्डिंगमध्येच गेली. त्यापेक्षा कुणीतरी मनापासून नीट केलेली तयार गाडी घ्या. अर्धवट सोडलेल्या गाडीवर होणारा खर्च विकताना सहसा वसूल होत नाही.

ग्रीसगन
पत्र्याबद्दल सहमत, बाकी अजिबात नाही. तयार गाडीतही पुट्टी असू शकते, फक्त रंग नवा असतो. स्वतः उघडलेल्या गाडीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. आणि शिकायला यापेक्षा सोपी गाडी नाही: एक कार्ब्युरेटर, पॉइंट्सचं (इलेक्ट्रॉनिक नसलेलं) इग्निशन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सिल्ससकट बरेचसे सुटे भाग आजही नवे बनतात, हे फार थोड्या जुन्या गाड्यांच्या नशिबी असतं.

मात्र आधी पुढच्या सस्पेन्शनमधले ट्रनियन, म्हणजे चाक धरून ठेवणारे आट्यांचे सांधे, बघा. ग्रीस न मिळाल्याने त्यांचे आटे झिजतात आणि चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. ब्रेकचे रबरी होज, सील, टायर कितीही चांगले दिसोत, बदलाच. इंजिनच्या मूळ हेडवर शिसंविरहित पेट्रोल वापरून सतत वेगात पळवली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, पण तो खर्च नंतर केला तरी चालतो.

पत्राकाम
शिकायला सोपी, मान्य. पण रोज संध्याकाळी दोन तास आहेत का? छप्पर असलेली जागा आहे का? सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी वर्षभर तशीच राहिली की कुठला नट कुठला तेही आठवत नाही. अशा किती गाड्या भंगारात गेलेल्या पाहिल्यात, जीव तुटतो.

ग्रीसगन
म्हणूनच सगळी सुटी करू नका. आधी ब्रेक, मग सिल्स, मग वायरिंग. रंग आणि क्रोम शेवटी. चालती गाडी माणूस सोडून देत नाही.

उत्सुक
जागा आहे, वेळ फक्त शनिवार-रविवार. उद्या लोहचुंबक आणि जॅक घेऊन जातो. दार लागलं नाही तर मालकाला नाही म्हणेन. लागलं, तर पुढचा प्रश्न ट्रनियनचा असेल.