रिझ्यूमे मशीन केरात टाकतं म्हणे!

भरतीवाली_ताई: काल इथे एका महाशयांनी ठोकून दिलं, "१०० पैकी ७५ रिझ्यूमे एटीएसच (कंपन्यांचं अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर) फेकतं." खाली २,००० रुपयांत 'एटीएस-प्रूफ' रिझ्यूमेची जाहिरात. हे मोजलं कुणी? ११ वर्षं भरती करतेय. ते सॉफ्टवेअर म्हणजे कपाट. रिझ्यूमेतून नाव, कंपन्या, वर्षं उचलून खणात ठेवतं. दोन कॉलम, तक्ते असले की कधी कधी भलतंच उचलतं, एवढंच. आपोआप नकार जातो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांवरून: नोटीस (राजीनाम्यानंतर थांबायचे दिवस) किती, पुण्यात याल का. ते प्रश्न आम्हीच टाकतो. बाकीच्यांतले बरेच रिझ्यूमे कुणी उघडतच नाही. ६०० अर्ज आले तर मी ८० बघते.

बेंचवरचा_बाळू: म्हणजे ५२० जण मशीनने नाही, तुमच्या कंटाळ्याने मेले. फारच दिलासा मिळाला.

भरतीवाली_ताई: टोमणे मारा, पण २,००० तरी वाचवा. नोकरी डॉट कॉमवर आम्ही अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार गाळून घेतो. दर आठवड्याला प्रोफाइलमध्ये काहीतरी बदला. फुकट आहे.

वाकडची_वहिनी: नोटीसचं नाव काढलंत म्हणून बोलते. सोडताना ९० दिवस अडवता, घेताना "१५ दिवसांत या". आमच्या ह्यांनी कंटाळून ऑफर हातात नसताना राजीनामा टाकला. आता जो तो विचारतो, "गॅप का?"

भरतीवाली_ताई: आणि ऑफर घेऊन रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करणारे? गेल्या महिन्यात तिघांनी केलं.

वाकडची_वहिनी: ९० दिवस मोकळं सोडल्यावर माणूस बाजार फिरणारच! ३० करा, बघा कोण पळतं.

भरतीवाली_ताई: माझ्या हातात असतं तर उद्या केलं असतं. माझी स्वतःची नोटीस ९० दिवसांचीच आहे.

कोडवाली: नोटीस राहू द्या जरा. मशीन इतकंही गरीब गाय नाही. ॲमेझॉनने रिझ्यूमेंना गुण देणारं टूल बनवलं होतं. ते शिकलं बहुतेक पुरुषांच्याच जुन्या अर्जांवर, आणि 'विमेन्स' शब्द दिसला की गुण कापू लागलं. २०१८मध्ये बातमी आली, तोवर त्यांनी ते गुंडाळलं होतं.

भरतीवाली_ताई: बरं, हे मान्य. पण ते शिकलं कुणाकडून? माणसांनी केलेल्या भरतीकडूनच ना!

बेंचवरचा_बाळू: दहावीला ५८ टक्के म्हणून मला आजही "६० थ्रूआउट"वर, म्हणजे दहावीपासून सगळीकडे ६० टक्के हवेत म्हणून, उडवतात. वय ३४. हाही प्रश्न तुम्हीच टाकता ना?

भरतीवाली_ताई: क्लायंट मागतो.

बेंचवरचा_बाळू: आलाच क्लायंट! बरं ताई, रिझ्यूमेचे २,००० वाचले, मान्य. वहिनी, हे पैसे ठेवा. बायआउटला, म्हणजे पैसे भरून नोटीसमधून सुटायला, फक्त तीन महिन्यांचा पगार कमी पडतोय.