कंबर धरली की लगेच एम.आर.आय.?

सावद्याचा फिजिओ:
केळीची कापणी जोरात असली की रोज चार-पाच मजूर कंबर धरून येतात. परवा आलेला 42 वर्षांचा. दुखणं नऊ दिवसांचं, पण हातात एम.आर.आय.ची फिल्म. ‘गादी सरकली, नस दबली, आता वाकायचं नाही’ असं त्याला सांगितलेलं. मी तपासलं तर पायात पूर्ण ताकद, लघवी-संडासची तक्रार नाही, ताप नाही. तरी बायकोचा खांदा धरल्याशिवाय उठेना. घड वाहणं बंद, मजुरी बंद, तपासणीचे पैसे व्याजाने काढलेले.

माझं मत स्पष्ट आहे. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एम.आर.आय. नको. अमेरिकेत 380 रुग्णांवरचा एक अभ्यास 2003 साली आला. निम्म्यांचा एक्स-रे काढला, निम्म्यांचा झटपट एम.आर.आय. वर्षभराने दुखणं आणि कामाची ताकद दोन्हीकडे जवळपास सारखीच. ऑपरेशनं मात्र एम.आर.आय.वाल्यांत 10, एक्स-रेवाल्यांत 4. आकडे लहान आहेत, मान्य. पण जास्त चित्र दिसल्याने माणूस जास्त बरा झाला नाही, एवढं तर दिसलंच.

अक्कलकुव्याची लेक:
सर, तुमचा मजूर नऊ दिवसांत मशीनखाली गेला. माझी आई पाच महिन्यांनी गेली. तोवर इंजेक्शनं, गोळ्या आणि ‘वयाचं दुखणं आहे मावशी’. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, वजन उतरत होतं. कुणी विचारलंच नाही. पाय लटपटायला लागले तेव्हा धुळ्याला नेलं. मणक्याचा टीबी निघाला. दोन मणके खाल्लेले. औषधांनी ती वाचली, चालते, पण काठी सुटली नाही.

टीबी जिथे घरोघरी ऐकू येतो, तिथे अमेरिकेतल्या रुग्णांचा निकाल जसाच्या तसा कसा लावता? मणक्याचा टीबी सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एम.आर.आय.त दिसतो. ‘थांबा’ म्हणणं सोपं आहे, थांबण्याची किंमत आमच्या घराने दिली.

धुळ्याचा टेक्निशियन:
ताई, तुमच्या आईला एम.आर.आय. पहिल्या महिन्यातच हवा होता, यात वादच नाही. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा फक्त ‘कंबर’ लिहिलेलं असतं. ताप, वजन, टीबीचा इतिहास, काही नाही. मग रिपोर्ट वाचणाऱ्याने काय ताडायचं?

ज्यांना काहीही दुखत नाही अशा 3110 माणसांची स्कॅन एकत्र पाहून 2015 साली एक आढावा निघाला. विशीतल्या 37 टक्क्यांत चकतीची, म्हणजे मणक्यांमधल्या गादीची झीज, ऐंशीत 96 टक्क्यांत. पांढऱ्या केसांसारखंच ते. मला वाटतं, प्रत्येक रिपोर्टखाली हे छापावं.

सावद्याचा फिजिओ:
दादा, मलाही तसंच वाटायचं. पण ते करून पाहिलंय. अमेरिकेत जवळपास अडीच लाख रुग्णांच्या अभ्यासात साधारण निम्म्यांच्या रिपोर्टात अशी ओळ घातली. निकाल 2020 साली आला. पाठीवरच्या पुढच्या तपासण्या-उपचार कमी झाले नाहीत, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या तेवढ्या किंचित घटल्या. छापील ओळीने भीती जात नाही. कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

भुसावळचे काका:
मी पेन्शनर. दोन वर्षांपूर्वी स्वतःहून एम.आर.आय. काढला आणि त्या रात्री शांत झोपलो. कॅन्सर नाही हे कळलं ना भो! मनाची शांती हाही इलाजच. तो पैसा मला वाया गेला असं वाटत नाही.

सावद्याचा फिजिओ:
काका, तुमची झोप मी नाकारत नाही. इंग्लंडमध्ये 2001 साली 421 जणांवर हेच तपासलं होतं, कंबरेच्या एक्स-रेबाबत. ज्यांचा काढला ते नऊ महिन्यांनी जास्त समाधानी होते. पण तीन महिन्यांनी दुखत असल्याचं सांगणारेही त्यांच्यातच जास्त होते. समाधान आणि आराम वेगवेगळे निघाले. मजुराला दुसरा हवा असतो.

अक्कलकुव्याची लेक:
आणि सहा आठवड्यांनी त्याला पुन्हा बघणार कोण? आमच्याकडचा माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो, होळीला परततो. तुमच्या अभ्यासातल्या माणसांना तारीख देऊन बोलावणारं कुणी होतं. ते इथे नसेल तर ‘थांबा’ म्हणजे सोडून देणंच.

सावद्याचा फिजिओ:
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. मजुराचा एम.आर.आय. लवकर काढला, ती चूकच होती, असं मी अजूनही म्हणतो. पण मी वजनकाटा कधीच वापरत नव्हतो. आता पहिल्याच भेटीत वजन, संध्याकाळचा ताप, घरात टीबी, आणि कामाला बाहेरगावी कधी जाणार, एवढं विचारून वहीत लिहितो. ताप किंवा उतरतं वजन दिसलं तर सहा आठवडे मोजत बसत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर कारण. जो ऊसतोडीला जाणार, त्याचा फोन नंबर घेऊन ठेवलाय. आजवर तीन जणांना फोन केले, दोघांनी उचलला.