शब्दचर्चा: ‘पाळीची गरिबी’ म्हणावं का?

एक शब्द हवा आहे, आणि तो माझ्या विद्यार्थ्यांना हवा आहे.

अकरावीच्या मुलामुलींनी ‘पीरियड पॉव्हर्टी’, म्हणजे पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू आणि सोयी न परवडणं किंवा न मिळणं, या विषयावर गटागटाने पोस्टरं केली. दुसऱ्या गटांनी पोस्टर वाचून खाली चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि मूळ गटाने प्रत्येक चिठ्ठीला लेखी उत्तर द्यायचं, असं ठरलं होतं. सर्वांत जास्त चिठ्ठ्या आल्या त्या मथळ्यावर. मथळा होता ‘पाळीची गरिबी’. एका मुलाने लिहिलं, ‘म्हणजे पाळी कमी येते का?’

कुणी हसलं नाही, कारण आणखी दोघींचाही तसाच समज झाला होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘रक्ताची कमतरता’, ‘पाण्याची टंचाई’, ‘विचारांचं दारिद्र्य’ या सगळ्यांत ज्याला ‘ची’ किंवा ‘चं’ लागतं, तेच कमी असतं. ‘पाळीदारिद्र्य’ असा समास केला तरी तोच अर्थ निघतो. इथे पाळी नेमाने येतेच, कमी पडतात ते पैसे, पाणी, आडोसा.

गटाचं पहिलं उत्तर होतं, ‘इंग्रजीत असंच म्हणतात.’ मी ते परत दिलं. वाचणाऱ्याला अर्थ लागला नाही, तर इंग्रजीचा दाखला त्याच्या काय कामाचा? दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘तू वाचलंस तसंही वाचता येतं, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. शब्द बदलतो.’ या उत्तराचा मला फार आनंद झाला. पण बदलून काय लिहायचं, तिथे आम्ही अडलो आहोत.

आणखी एक. दुसऱ्या गटाने ‘विटाळ’ शब्द ठळक लाल अक्षरात लिहून त्यावर फुली मारली होती. चिठ्ठी आली, ‘लांबून फुली दिसत नाही, विटाळ दिसतो.’ तो शब्द काढला. आमच्या आया ‘बाहेर बसले’, ‘कावळा शिवला’, ‘अडचण आली’ म्हणायच्या. मुली आता सरळ ‘पाळी’ किंवा ‘पीरियड’ म्हणतात. त्यामुळे ‘पाळी’ हा शब्द राहणार, प्रश्न त्याच्या जोडीच्या शब्दाचा आहे.

*

‘चणचण’ कसा वाटतो? ‘पाळीच्या दिवसांतली चणचण’. बोलीतला आहे, कळायला सोपा.

*

चणचण पैशांची असते, आणि ती बहुतेक महिनाअखेरची असते. पगार झाला की संपते. इथे तसं नाही. ‘वंचना’ही सुचेल कुणाला, पण त्या शब्दाचा जुना अर्थ फसवणूक. ‘वंचित’ रुळला, ‘वंचना’ अजून दोन्हीकडे झुकते. मी ‘पाळीची परवड’ म्हणेन. परवड म्हणजे हाल, आणि कानाला त्यात ‘परवडत नाही’ही ऐकू येतं.

*

‘परवड’ सुंदर आहे, पण ‘काय परवड झाली हो बिचारीची’ असं म्हणणारा बाजूला उभा राहून बघत असतो. पोस्टर वाचणाऱ्या मुलीला स्वतःची कीव केलेली आवडेल का?

मी गडचिरोलीत आरोग्याचं काम केलं आहे. तिथल्या माडिया आदिवासींच्या गावांत पाळीच्या दिवसांत बाई ज्या झोपडीत राहते तिला कुर्माघर म्हणतात. तिथे पॅडचं पाकीट पोचवलं की काम झालं, असं नसतं. झोपायला कोरडी जमीन, दार, उजेड, पाणी हे सगळं त्या पाकिटाइतकंच लागतं. स्कॉटलंडचा कायदा २०२० मध्ये मंजूर झाला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे पॅड-टॅम्पॉन मोफत मिळण्याची सोय करणं स्थानिक यंत्रणांवर बंधनकारक झालं. तिथे ‘पॉव्हर्टी’ म्हटलं की मुख्यतः या वस्तूंचा विचार होतो. आपला शब्द तेवढ्यावर थांबू नये.

*

ताई, पाकिटाचं तुम्ही म्हणता ते एका चिठ्ठीतही आलं होतं. एका पोस्टरवर राज्य सरकारच्या अस्मिता योजनेची ओळ होती, ‘जिल्हा परिषद शाळेतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळतात.’ खाली एकीने लिहिलं, ‘मला नाही मिळाले.’ गटाने वाक्य बदललं, ‘५ रुपयांत ८ पॅड देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तुमच्या शाळेत मिळतात का?’ ‘मिळतात’ या एका क्रियापदाने केवढा दावा केला होता, ते तेव्हा कळलं.

आणि ज्या चिठ्ठीमुळे मी हे सगळं लिहायला बसले, ती आता सांगते. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आहेत. एकीने निनावी लिहिलं, ‘पॅड नाही म्हणून नाही. खाडा पडतो म्हणून.’ नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, आणि एक दिवस फडात गेलं नाही की खाडा. त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा राज्यभर झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या सगळ्या चर्चेतही, पाळीमुळे कामाचा दिवस बुडतो या अर्थाने, ‘खाडा’ हा शब्द होता. आम्ही मात्र पोस्टरवर दारिद्र्य, वंचना असे शब्द शोधत बसलो होतो.

गटाला आता मथळा हवा आहे: ‘पाळी आली, खाडा पडला’. मला पटला आहे. पण ऊसतोड माहीत नसलेल्यांना कळेल का? खाली अर्थ द्यावा का?

*

कळेल. पुण्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचेही लिहितात आणि महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापतात. शब्द आम्हाला माहीत आहे तो कापणाऱ्यांच्या बाजूने. अर्थ देऊ नका.

*

हे उद्या वर्गात जसंच्या तसं वाचून दाखवते. मथळा तोच ठेवतो आहोत.