एलिंग्टन की स्ट्रेहॉर्न: कुणाचं काय, कानानं कळतं का?

काळी_चार: 'टेक द ए ट्रेन' ही अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ओळखधून, पण बांधली त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्ननं. 1939 ते 1967 दोघं एकाच बँडसाठी लिहीत होते. मग कुठला हात कुणाचा, हे ओळखायचं कसं? शिवाय ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि पियानोवर हीच धून बसवताना तिसऱ्या बारला (तालाच्या तिसऱ्या आवर्तनाला) काहीतरी खटकतं. का?

तळपट्टी: आधी खटकण्याचं. सी मेजर धरतो. तिसऱ्या-चौथ्या बारला डी सेव्हन ही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आहे, पण तिचा पाचवा सूर, ए, अर्ध्या सुरानं उतरलेला: डी, एफ शार्प, जी शार्प, सी. पेटीच्या भाषेत, सी हा सा धरला तर धून कोमल धैवतावर थांबते. पियानोवाला सवयीनं साधा डी सेव्हन दाबतो, त्यात शुद्ध धैवत येतो आणि दोघांची जुंपते. ते दोन बार पियानो आणि ट्रॉम्बोन, दोघांनीही ए सोडावा. ट्रम्पेट-टेनरचे सूर कागदावर चढवून लिहितात, त्यामुळे तिथे धुनेतला जी शार्प ए शार्प दिसतो; उतरवताना चूक बहुतेक तिथेच होते. मधल्या आठ बारांत (चार एफ, दोन डी सेव्हन, मग डी मायनर, जी सेव्हन) मात्र साधा डी सेव्हनच. तिथे हा उपाय लावू नका.

मुका_ट्रम्पेट: नुसत्या कानावर विसंबू नका. 1930 च्या 'मूड इंडिगो'त वर म्यूट (आवाज दाबणारं झाकण) लावलेला ट्रम्पेट, मध्ये चढ्या सुरात म्यूट ट्रॉम्बोन आणि चक्क तळाला क्लॅरिनेट. तेव्हा स्ट्रेहॉर्न बँडमध्ये नव्हता, म्हणजे हा रंग एलिंग्टनचाच. पण पुढे स्ट्रेहॉर्ननंही तो उचलला, तिथे कान फसतो. छापील नावंही फसवतात: 'इस्फहान'वर दोघांची नावं, धून मात्र स्ट्रेहॉर्नची, तीही बँडच्या 1963 च्या मध्यपूर्व-भारत दौऱ्याआधीच 'एल्फ' नावानं लिहिलेली. खरा पुरावा हस्तलिखितांतलं अक्षर. एलिंग्टनचे कागद वॉशिंग्टनला स्मिथसोनियन या संग्रहालयात आहेत.

काळी_चार: मग 'ए ट्रेन'च ओळखधून का झाली?

तळपट्टी: रेडिओचं भांडण. 1941 च्या जानेवारीपासून आस्कॅप या संगीतकार-प्रकाशकांच्या संस्थेच्या सभासदांचं संगीत अमेरिकेतल्या बहुतेक रेडिओ केंद्रांवर बंद झालं. एलिंग्टन सभासद, स्ट्रेहॉर्न नाही, म्हणून त्याच्या धुना रेडिओवर चालत. बँडला नवा माल हवा होता, 15 फेब्रुवारीला 'ए ट्रेन'चं ध्वनिमुद्रण झालं.

मुका_ट्रम्पेट: त्याच 1963 च्या दौऱ्यात एलिंग्टन दिल्लीत आजारी पडला, तेव्हा पियानोवर स्ट्रेहॉर्न बसला. त्या दौऱ्यावरच्या 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' या धुनेत क्लॅरिनेट जी छोटी तान पुन्हा पुन्हा घेतो ती तिथल्या मैनेची. नाव ब्लूबर्ड, पक्षी मैना. ते सोडून द्या.