दहा पोलिसांच्या लहान शहरात पोलिसांकडून नेमकं काय मागायचं?

कट्टेकरी:
वस्ती दहा हजारांच्या आतली, पोलीस सगळे मिळून दहा. अशा ठिकाणी नागरिक समितीची बैठक झाली की मागणी ठरलेली: गस्त वाढवा. वर्षाअखेरचा आकडाही ठरलेला: किती गुन्हे नोंदले, किती उघडकीस आले. प्रत्यक्षात फोन येतात ते भांडणाचे, गोंगाटाचे, अपघाताचे, घर सोडून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे. मग अशा दलाकडून कोणती कामं मागावीत, आणि ती होतायत की नाही हे कशावरून ओळखावं? करता येईल असं काही सांगा.

रातपाळी:
आधी माणसं मोजा. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची म्हणजे वर्षाचे ८,७६० तास. आठवड्याला ४० तास धरले तर एका माणसाचे होतात २,०८०. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण, न्यायालयाच्या तारखा वजा केल्या की हाती साधारण १,७५० उरतात. थोडक्यात, एका जागेला पाच माणसं लागतात. दहांतला एक प्रमुख, एक तपासाला, उरले आठ. आठांच्या हिशोबाने रस्त्यावर एका वेळी दोघंसुद्धा पुरे पडत नाहीत, दीड-पावणेदोनच भरतात. रात्री कित्येकदा एकटाच अंमलदार असतो, आणि घरातल्या मारहाणीच्या कॉलवर त्याने एकट्याने आत शिरणं धोक्याचं. म्हणून शेजारच्या दलाशी मदतीचा लेखी करार आहे का आणि दुसरा माणूस किती मिनिटांत पोचतो, हे बैठकीत पहिलं विचारा.

आता गस्त. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १५ बीटांवर, म्हणजे गस्तीच्या नेमून दिलेल्या हद्दींवर, प्रयोग झाला. पाच बीटांत नेमाची गस्त बंद केली, पाचांत होती तशी ठेवली, पाचांत दुपटी-तिपटीने वाढवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत सांगण्यासारखा फरक दिसला नाही. अमेरिकेतल्याच नेवार्कमधल्या पायी गस्तीच्या अभ्यासाचा अहवाल १९८१ साली आला. तिथेही गुन्हे घटले नाहीत, पण लोकांना जास्त सुरक्षित वाटू लागलं. तिथल्याच मिनियापोलिस शहराच्या कॉलच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की सुमारे ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल येत होते. अशा ठिकाणी पोलीस १० ते १५ मिनिटं थांबले तर ते गेल्यावरही काही वेळ शांतता टिकते. त्याहून जास्त थांबून तेवढा फायदा वाढत नाही.

म्हणून ‘गस्त वाढवा’ ही मागणी सोडा. ठरलेल्या तीन ठिकाणी गाडी लावा, उतरा, पंधरा मिनिटं चाला, बोला, पुढे जा, अशी मागणी करा. वेळ मात्र रोज बदलती हवी. नऊला पोलीस येतात हे कळलं की भांडणं साडेनऊला होतात.

नोंदवही:
ही ठिकाणं शोधायची ती स्टेशन डायरीतून आणि कॉलच्या नोंदींतून, आठवणीतून नाही. आठवणीत मोठी घटना राहते, वीस वेळा आलेला छोटा कॉल राहत नाही. मागच्या १२ महिन्यांचे कॉल एका तक्त्यात घ्या: तारीख, वार, तास, पत्ता, प्रकार, किती मिनिटं गेली, काय केलं.

घोळ दोन जागी होतो. पहिला पत्त्यात. एकच जागा एका पाळीत ‘शाळेमागे’, दुसरीत ‘मैदानाजवळ’, तिसरीत ‘पाण्याच्या टाकीखाली’ अशी लिहिली जाते आणि पंधरा कॉलचे पाच-पाच-पाच होऊन नजरेआड जातात. ठिकाणांच्या नावांची एक यादी ठरवा, सगळ्या पाळ्यांनी तीच वापरायची. दुसरा घोळ शेऱ्यात. ‘समज देऊन सोडले’ यावरून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. कोणाला, कशाबद्दल, पुन्हा कधी बघायचं, हे एका ओळीत मावतं.

मग क्रमवारी लावून वरची तीनच ठिकाणं घ्या. दहा माणसांना चौथं झेपत नाही, आणि हाती घेतलेलं अर्धवट राहिलं तर लोक फोन करणंच सोडतात.

कट्टेकरी:
आभार, हे कामाचं आहे. ठिकाण सापडल्यावर पोलिसांनी तिथे काय करायचं? आणि एकाच घरी दोनदा घरफोडी होते, त्याचं काय?

बीट अंमलदार:
तिथे त्याच वेळी, त्याच वाराला उभं राहून बघायचं. समजा मैदानाच्या कोपऱ्यात रात्री अकरानंतर मारामाऱ्या होतात. दिवा बंद आहे का? फाटकाला कुलूप लावायचं काम कोणाचं? शेवटची बस किती वाजता जाते आणि नंतर पोरं कशासाठी थांबतात? यातली निम्मी उत्तरं पोलिसांच्या हातातली नसतात. दिवा नगरपालिकेचा, फाटक शाळेचं. तिथे पोलिसांचं काम म्हणजे तारखांसह कॉलची यादी लेखी पाठवणं आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करणं. नुसत्या तोंडी निरोपाने दिवा लागत नाही. तीन महिन्यांनी त्याच पत्त्याचे कॉल पुन्हा मोजायचे.

घरफोडी झालेल्या घराला पुढचे काही आठवडे सगळ्यात जास्त धोका असतो, कारण चोराला वाट माहीत झालेली असते. पंचनामा करून निघून गेलं की काम संपलं, असं समजणं हीच चूक. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात यावर काम झालं. तिथे चोरांना नाणी टाकायचे वीज-गॅसचे मीटर आयते सापडत. ते मीटर काढले, फोडलेल्या घरांची दारं-खिडक्या मजबूत केल्या, आजूबाजूच्या पाच-सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितलं. घरफोड्या खूपच कमी झाल्या. लहान शहरात एवढं एका बीट अंमलदाराला जमतं: त्याच दिवशी कडी-कोयंडा तपासणं, शेजाऱ्यांना भेटणं, आठवड्याने पुन्हा चक्कर.

घरातल्या मारहाणीत दोघांना वेगवेगळं, एकमेकांना ऐकू जाणार नाही असं बोलतं करा. मुलांना मध्ये घालू नका. तिथल्या तिथे समेट घडवण्याची घाई करू नका. पोलीस वळले की दाराआड काय होतं ते पुढच्या कॉललाच कळतं. लहान गावात अंमलदार कोणाचा तरी नातेवाईक निघतोच. तसं असेल तर प्रकरण दुसऱ्याकडे द्यायचं, हा नियम लेखी असू द्या. तोंडी असला तर ऐनवेळी पाळला जात नाही.

रातपाळी:
दंडाच्या पावत्या किती फाडल्या, यावरून काम मोजू नका. अमेरिकेतल्या फर्ग्युसनबद्दल तिथल्या न्याय खात्याने २०१५ साली अहवाल दिला. शहराच्या उत्पन्नासाठी दंडवसुलीवर भर दिल्याने पोलीस लोकांकडे वसुलीचं गिऱ्हाईक म्हणून पाहू लागले, असं त्यात नोंदलं आहे. त्याऐवजी दर तिमाहीला तीन आकडे मागा: वरच्या तीन पत्त्यांचे कॉल किती उतरले, घरफोडी झालेल्या किती घरांना आठवड्यात परत भेट दिली, आणि किती तक्रारदारांना पुढे काय झालं ते कळवलं. तिसरा आकडा बहुतेक ठिकाणी कोणी ठेवतच नाही. तोच आधी सुरू करायला सांगा, त्याला फक्त वहीत एक रकाना वाढवावा लागतो.