अनुभव धागा: घारापुरीची जेट्टी, मोऱ्याचा धक्का आणि आपली खाडी

नेरूळ

मागच्या माघात आईला घारापुरीला नेलं. बेट उरण तालुक्यात, आपल्याच बाजूचं, तरी आम्ही हार्बरने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने गेटवे आणि मग तासभर लाँच असे गेलो. आईचं वय 74, गुडघे धरलेले. लाँच लागली तेव्हा तिची कड जेट्टीच्या बरोबरीला होती, आई माझा हात न धरता उतरली. जेट्टीवरून छोटी आगगाडी पायथ्यापर्यंत नेते. तिथून गुंफांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीवाले होते, पण आई म्हणाली, "माणसांच्या खांद्यावर बसून देवाला नाही जायचं मला." मी एकटीच वर गेले, वीस फुटी सदाशिवासमोर उभी राहिले, पण अर्धं लक्ष खाली होतं.

दुपारी परतताना पाहते तर लाँच पुरुषभर खाली गेलेली. सकाळी पाण्याखाली असलेल्या पायऱ्या उघड्या, हिरव्यागार शेवाळाच्या. आईने पहिल्या पायरीवरच माझा दंड घट्ट धरला. खालून खलाशी म्हणाला, "आजी, घाई नको. लाट नाव उचलेल, मी सांगेन तेव्हा पाय टाका." दोन लाटा जाऊ दिल्या, तिसरीला "आता!" म्हणाला आणि आई आत. तिकिटाचे दर, गुंफांची सोमवारची सुट्टी, सगळं मी पाहून ठेवलं होतं. पाण्याची, म्हणजे भरती-ओहोटीची, वेळ पाहिली नव्हती. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर लिहा.

जुईनगर (माहेर उरण)

कॉलेजची तीन वर्षं उरणजवळचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का अशी लाँचने गेले. मोऱ्याला गाळ फार, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. सकाळी घरातून निघताना वडील वेळ नाही विचारायचे, "पाणी किती?" विचारायचे. टीवायच्या (शेवटच्या वर्षाच्या) एका पेपरला मी दीड तास धक्क्यावर बसून होते. समोर मुंबई दिसत होती आणि मध्ये नुसता चिखल. पेपरला चाळीस मिनिटं उशिरा पोचले. आत घेतलं, पण शेवटचा प्रश्न राहिला तो राहिलाच. जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात बसून आले, त्या पेपरसाठी.

ऐरोली

आम्ही किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला बोटीने गेलो होतो. फेरीची वेळ रोज वेगळी का, हे तिथे कळलं. ओहोटीला पक्षी दूर चिखलात चरतात आणि बोट तिथवर जाऊ शकत नाही. पाणी चढू लागलं की चिखल बुडत जातो, थवे कडेला सरकतात. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तो चिखल कोणी "घाण" म्हटला की आता मला वाईट वाटतं.

ठाणे, चेंदणी कोळीवाडा

नेरूळच्या ताई, हिशोब सोपा आहे. आमचे आजोबा सांगायचे, "पोरा, घड्याल नको बघू, तिथी बघ." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पुनवेला-अवसेला दुपारी-रात्री बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे जाते. पुनव-अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. थोडंफार मागेपुढे होतं, पण आजोबांची होडी याच हिशोबावर चालली.

आता आमच्या बंदरावर होड्या मोजक्याच. ठाण्याकडची खाडी गाळाने उथळ झाली. माझ्या मुलाला तिथी विचारली तर मोबाईल काढतो. म्हणून हे इथे लिहून ठेवतोय.

कोपरखैरणे

चेंदणीच्या दादांनी सांगितलेलं आम्हाला आधी माहीत हवं होतं. घारापुरीलाच माझा सात वर्षांचा मुलगा ओल्या पायरीवर घसरला. मागच्या एका अनोळखी बाईंनी त्याची कॉलर पकडली. गर्दीत त्यांचे आभारही मानता आले नाहीत. शेवाळावर रबरी सपाता घालू नका आणि लहानग्यांना समुद्राकडच्या बाजूला चालवू नका.

नेरूळ

दादा, आत्ताच कालनिर्णय काढलं. पुढच्या महिन्यात एका रविवारी द्वादशी आहे. बाराची पाऊणपट नऊ, ओहोटी तीनला. नऊची लाँच धरली तर दहाला उतरू, तेव्हा पाणी नुकतंच उतरू लागलेलं असेल. बाराच्या आत परत निघायचं. गुंफांना जायचंच नाही, आईला जेट्टीच्या टोकाला बसून पाणी पाहायचंय, एवढंच तिने मागितलंय.